खर्जाची किंमत

चारशे ऐंशी लारी आहेत, मी ओतियाला म्हटलं,
आणि कान दोनच.
तो हसला नाही. तिबिलिसीत दुकानदार
पहिल्या भेटीत हसत नाहीत.

काय ऐकतेस? त्यानं विचारलं.
इथेच माझी पंचाईत. सगळं, मी म्हटलं.
सगळं म्हणजे काहीच नाही, यादी दे.

दिली:
सकाळी लोकांच्या दाढा घडवताना पियानो,
एकट्याचा, मागे कोणी टाळ्या न वाजवणारा.
दुपारी पॉलिशचं यंत्र सुरू झालं की कर्कश गिटारं,
कारण तीच त्या घरघरीला पुरून उरतात.
शुक्रवारी पुलाखालच्या तळघरातलं टेक्नो,
ज्यात गाणं नसतं, नुसतं चालत राहणं असतं.
खालच्या मजल्यावरचा रुस्तम रात्री मुघाम लावतो,
भिंतीतून येतो, म्हणून अर्धाच माहीत.
आणि एक व्हिडिओ, सव्वातीन मिनिटांचा.
त्याबद्दल मी बोलले नाही.

पहिल्या हेडफोनला खर्ज एवढा
की पियानोसुद्धा पोट सुटल्यासारखा चालू लागला.
दुसरा हलका, डोक्यावर आहे हे विसरावं असा,
पण गिटारं अशी टोचली
की दाढेतली नस उघडी पडावी
(धंद्यातली उपमा, माफ करा).
तिसरा उघड्या पाठीचा, अंगणासारखा.
मुघाम त्यात शेवटी भिंत ओलांडून आला,
रुस्तमनंही न ऐकलेल्या एका श्वासासकट.
पण आतलं बाहेर, बाहेरचं आत.
माझ्या खोलीतली लिका परिचारिका, दिवसा झोपते.
तिच्या उशाशी मी कुठलं अंगण उघडू?

चौथा त्यानं दिला नाही, मी मागितला.
किमतीची चिठ्ठी पालथी होती. आठशे चाळीस.
नुसतं ऐक, म्हणाला, ऐकण्यावर कर नाही.

तेव्हा मी तो व्हिडिओ लावला.
गुरियातलं गाव, चुलत्याच्या लग्नाचं टेबल,
ग्लासांच्या मधे टेकवलेला फोन,
तीन पुरुष, तीन आवाज.
वरचा कोंबड्यासारखा आरवतो,
मधला गोष्ट सांगतो,
आणि खालचा, म्हणजे माझा बाप,
माझ्या स्वस्त वायरींतून आजवर कधी आलाच नव्हता.
नुसते ओठ हलवतोय, असंच मी धरून चालले होते.

आता आला. त्या दोघांच्या खाली
कोणीतरी जमीन आणून ठेवावी, तसा.
आणि दुसऱ्या कडव्यात घसरला.
स्पष्ट. पाव सुरानं.
मधल्यानं शब्द लांबवून त्याला सावरून घेतलं.
ग्लास टेकल्याचा आवाज, एक खाकरणं,
पुन्हा जमीन.

मी हेडफोन काढला. कानाच्या पाळ्या गरम.
ओतिया वायर गुंडाळत राहिला,
कानांच्या धंद्यातला माणूस, डोळ्यांनी सभ्य.

पाचवा कोणीतरी परत केलेला,
डाव्या गादीला चीर. चारशे दहा.
बंद पाठीचा. पियानो जरा जाडसर, गिटारं बोथट,
टेक्नो पुरेसं, मुघाम दारापर्यंत येऊन थांबलेला.
आणि बाप?
आला. घसरतो ते
ऐकू येतं म्हटलं तर येतं,
नाही म्हटलं तर नाही.

यात सगळंच थोडं थोडं खोटं आहे, ओतिया म्हणाला.
द्या, मी म्हटलं.

मेट्रोच्या लांबच लांब जिन्यावर
मी काही लावलं नाही, नुसता घातला.
आत माझंच रक्त, आणि पायाखाली
जिन्याचा तो न संपणारा एकच सूर,
जो कोणी मुद्दाम ऐकत नाही.

रात्री बापाला फोन केला. पोतीच्या बंदरात,
क्रेनवर होता.
तू चांगला गातोस, मी म्हटलं.
काय? तो ओरडला.
मोठ्यानं बोल, इथे वारा आहे.